सागरी तेलखोदाई : नियामक अपयश आणि उत्तरदायित्व

समुद्रातील तेलविहिरींवर देखरेख ठेवणारी शासकीय यंत्रणा कर्तव्यात उणी पडून माणसे दगावतात किंवा समुद्र दूषित होतो, तेव्हा त्यास नियामक अपयश म्हणतात. अशा दुर्घटनेत कंपनीची चूक लगेच दिसते. त्या चुकीला वाट करून देणारी सरकारी मंजुरी बहुधा चौकशीतच उजेडात येते. मेक्सिकोच्या आखातातील मॅकोंडो विहिरीचा स्फोट (२० एप्रिल २०१०) हे याचे ठळक उदाहरण होय.

लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किमी. अंतरावर, जवळपास १,५०० मी. खोल पाण्यात, बीपी ही तेल कंपनी ट्रान्सओशन या खोदाई कंपनीच्या ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवरून (तरंगत्या खोदाई मंचावरून) ही विहीर खोदत होती. हॅलिबर्टन या कंत्राटदार कंपनीने विहिरीच्या तळाशी भरलेले सिमेंट वायू रोखू शकले नाही. ते तपासण्यासाठी घेतलेल्या ऋण दाब चाचणीत (विहिरीतील दाब मुद्दाम कमी करून आत काही झिरपते का हे पाहणाऱ्या चाचणीत) धोक्याची खूण दिसूनही ती यशस्वी मानली गेली, आणि अखेरचा उपाय म्हणून समुद्रतळावर बसविलेल्या ब्लोआउट प्रिव्हेंटरची (विहिरीचे तोंड बंद करणाऱ्या झडपांच्या यंत्राची) पाती खोदाईची वाकलेली नळी पुरती कापू शकली नाहीत. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. त्यांचे मृतदेहही हाती आले नाहीत. तेल ८७ दिवस वाहत राहिले आणि शासकीय अंदाजानुसार सुमारे ४९ लाख पिंपे विहिरीतून बाहेर पडली.

या विहिरीवर देखरेख होती ती अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्यातील मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस या संस्थेची. क्षेत्रे भाडेपट्ट्याने देणे, स्वामित्वधन वसूल करणे आणि सुरक्षेचे नियम पाळून घेणे ही तिन्ही कामे तिच्याकडेच असल्यामुळे, ज्या खोदाईतून तिजोरीत पैसा येई तीच थांबविण्याची जबाबदारीही तिच्यावर होती. ऋण दाब चाचणी कशी घ्यावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, याविषयी तिचा एकही नियम नव्हता. मॅकोंडोच्या खोदाईला २००९ मध्ये सविस्तर पर्यावरणीय परीक्षणातून सूट मिळाली, आणि विहीर तात्पुरती बंद करण्याची बीपीची पद्धत स्फोटाच्या चारच दिवस आधी मंजूर झाली. हे अज्ञानातून घडले असे म्हणता येत नाही. उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या तेलमंचावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ जण मरण पावल्यावर न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारशी केल्या, आणि ब्रिटनने सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविली. तो धडा अमेरिकेसमोर वीस वर्षे होता. कंपन्यांना सुरक्षा व्यवस्थापनाची योजना सक्तीची करण्याचा विचार तिथेही १९९० च्या दशकात झाला होता. पण ती ऐच्छिक राहिली आणि सक्ती आली ती स्फोटानंतर, ऑक्टोबर २०१० मध्ये.

मॅकोंडो स्फोटाच्या खटल्यात अमेरिकेच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश कार्ल बार्बिये यांनी २०१४ मध्ये बीपीचा घोर निष्काळजीपणा सिद्ध धरून दोषाची वाटणी बीपी ६७, ट्रान्सओशन ३० आणि हॅलिबर्टन ३ टक्के अशी केली. या शंभर टक्क्यांत परवाने देणाऱ्या संस्थेचा वाटा नाही. ती त्या खटल्यात प्रतिवादीच नव्हती. बीपीने अकरा कामगारांच्या मृत्यूसंबंधीचे गुन्हे २०१२ मध्ये कबूल केले आणि २०१५-१६ मध्ये सुमारे २,०८० कोटी डॉलरची तडजोड झाली, परंतु स्फोटासाठी एकही व्यक्ती तुरुंगात गेली नाही. नियामक संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि संस्थेचे विभाजन होऊन महसूल, भाडेपट्टे व सुरक्षा ही कामे तीन स्वतंत्र कार्यालयांकडे गेली.

भारतात मुंबई हाय नॉर्थ या तेलमंचाला २७ जुलै २००५ रोजी, शेजारी आलेल्या जहाजाची वायुवाहिनीला धडक बसून आग लागली व २२ जणांचा बळी गेला. त्यानंतर २००८ च्या नियमांनी सागरी सुरक्षेचे अधिकार तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला दिले. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, आणि मुंबई हाय चालविणारी ओएनजीसी हीदेखील त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनी आहे.