डासांमधला विषाणू डोळ्यांना कसा दिसू लागला

डेंग्यूचा विषाणू १९४३ साली जपानमध्ये वेगळा करण्यात आला, पण पुढे कित्येक वर्षे तो ओळखण्याची वाट लांबची राहिली. रुग्णाचे रक्त उंदराच्या तान्ह्या पिलांच्या मेंदूत टोचायचे, पिले आजारी पडण्याची वाट पाहायची, मग रक्तद्रवाच्या चाचण्या करायच्या. विषाणू नेमक्या कोणत्या पेशीत बसला आहे, हे एवढे करूनही कळत नसे.

ते दाखवणारी युक्ती निघाली ती मात्र एका जिवाणूसाठी. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी न्यूमोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडांना, म्हणजे त्या जिवाणूला नेमके चिकटणाऱ्या प्रथिनांना, चमकणारे रंगद्रव्य जोडले. प्रतिपिंड जिथे चिकटले, तिथे अतिनील प्रकाशात चमक दिसली. पुढे रंग पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रतिपिंडाला जोडून पहिल्याला तसेच ठेवण्याची पद्धत रुळली. मग प्रत्येक विषाणूसाठी वेगळे रंगीत प्रतिपिंड करत बसायची गरज उरली नाही.

डासजन्य विषाणूंसाठी खरी भर पडली डासांच्याच पेशींमुळे. १९६७ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यांतूनच १९७८मध्ये इगाराशी यांनी सी६/३६ हा वाण निवडला. डेंग्यू त्यात जोमाने वाढतो, पण पेशी अनेकदा धडधाकट दिसतात. म्हणजे रंगवल्याखेरीज संसर्ग समजणारच नाही. १९७७मध्ये कुबर्स्की आणि रोझेन यांनी तर डासाचे डोके काचपट्टीवर चिरडून तिथेच विषाणू रंगवून दाखवला. इतकी साधी आणि इतकी नेमकी पद्धत क्वचितच सापडते.

अडचण होती ती विषाणूंच्या नात्याची. डेंग्यू, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटते. एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवणाऱ्या १९७५च्या मोनोक्लोनल तंत्राने यावर दोन्ही अंगांनी उपाय दिला: डेंग्यूचे चार प्रकार वेगळे करणारी प्रतिपिंडे मिळाली, आणि सगळ्या कुळाला धरणारे फोर-जी-टूही. म्हणूनच फोर-जी-टूची चमक दिसली तरी तेवढ्यावर विषाणूचे नाव सांगता येत नाही. १९९९मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुग्णांच्या रक्ताच्या पहिल्या चाचण्यांनी सेंट लुई मेंदूज्वराकडे बोट दाखवले, ते याच नात्यामुळे. प्रत्यक्षात तो वेस्ट नाईल होता.

१९६०च्या दशकात रंगद्रव्याऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडता येऊ लागले आणि साध्या सूक्ष्मदर्शकातही डाग दिसू लागला. लस घेतलेल्यांच्या रक्ताने विषाणू किती रोखला, हे मोजताना आजही याच डागांची संख्या मोजतात.