कोणतं काम कोणत्या कोर्टात? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या टायपिंग व अर्जलेखन केंद्रात कोणी नक्कल अर्जासाठी येतं, कोणी वारस दाखल्याचे कागद जुळवायला, कोणी नुसतीच हातात नोटीस घेऊन. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच: “भाऊ, आते कोठे जाऊ?” हे पत्रक तेवढ्यासाठीच आहे. कायद्याचा सल्ला देणं वकिलाचं काम, ते आम्ही करत नाही. पण चुकीच्या कोर्टात टाकलेला दावा कधी कधी वर्षभराने परत हातात मिळतो, हे आमच्या टेबलावरून रोज दिसतं.

तालुक्याचं कोर्ट

पारोळा, यावल, शिरपूर, शहादा, कुठलाही तालुका घ्या. तिथल्या न्यायाधीशांच्या पाटीवर दोन पदं असतात: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. माणूस एकच, खुर्ची एकच, कामं दोन. जमीन, पैसा, हक्क यांचा दावा आला की दिवाणी. मारहाण, चोरी, चेक यांची केस आली की फौजदारी. फौजदारीत हे कोर्ट जास्तीत जास्त 3 वर्षांची कैद देऊ शकतं, तर मुख्य न्यायदंडाधिकारी 7 वर्षांपर्यंत.

दाव्याची रक्कम ठरावीक मर्यादेवर गेली, किंवा दावा सरकारविरुद्ध असला, की तो दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात जातो. रकमेची मर्यादा अधूनमधून बदलते, म्हणून मुद्रांक घेण्याआधी वकिलाला विचारा. जिथे स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचा अर्जही वरिष्ठ स्तराकडेच जातो.

जिल्हा व सत्र न्यायालय

इथेही तोच प्रकार. दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश, फौजदारी करताना सत्र न्यायाधीश. खुनाची केससुद्धा आधी तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे येते आणि तिथून सत्र न्यायालयाकडे पाठवली जाते; ‘केस कमिट झाली’ म्हणतात ते हेच. सत्र न्यायाधीश कोणतीही शिक्षा देऊ शकतात, फाशी मात्र उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. प्रत्येक वेळी जळगाव गाठावं लागत नाही. अमळनेर आणि भुसावळ इथेही जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयं बसतात.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, कोर्टांची उतरंड आपल्याकडे जवळपास तीच राहिली.

बांधाचं भांडण: सगळ्यात जास्त घोळ इथे

समजा, शेजाऱ्याने बांध कोरला, वहिवाटीचा गाडीरस्ता काटे टाकून बंद केला आणि बोलायला गेलात तर दोन कानाखाली दिल्या. भांडण एकच, पण दारं तीन.

कानाखाली दिली त्याची तक्रार पोलिसांत. साधी मारहाण असेल तर बहुधा ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद होते आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एनसीची प्रत हातात आली म्हणजे केस चालू झाली, असं समजून घरी बसू नका.

अडवलेला रस्ता मोकळा करायचा तर तहसीलदार. मामलतदार (म्हणजे आजचे तहसीलदार) न्यायालय अधिनियम, 1906 अजून लागू आहे आणि त्यातलं कलम 5 यासाठीच आहे. मात्र रस्ता अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज हवा. गावकीत समजुतीची बोलणी चालू आहेत म्हणून लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. बोलणी चालू द्या, अर्जही टाका.

कोरलेली जमीन परत हवी असेल तर आधी भूमी अभिलेखची मोजणी, मग दिवाणी कोर्टात ताबा आणि मनाई हुकमाचा दावा. मोजणीचा नकाशा नसेल तर दावा लंगडा पडतो.

तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारीही असतात आणि ‘चॅप्टर केस’ (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) त्यांच्यापुढे चालते, पण ते न्यायाधीश नव्हेत. त्यांच्या महसुली निकालावरचं अपील प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी असं चढत नाशिकला आयुक्तांकडे जातं. कोर्टाच्या निकालाची वाट वेगळी. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. महसूल नाशिकला, हायकोर्ट संभाजीनगरला. खान्देशच्या माणसाला दोन्हीकडच्या गाड्या पाठ पाहिजेत.

केळी-कापसाच्या व्यवहारातला चेक

व्यापाऱ्याचा चेक वटला नाही आणि व्यापारी परराज्यातला असला, तरी केस करायला तिकडे जावं लागत नाही. चेक तुम्ही रावेरच्या बँकेतल्या तुमच्या खात्यात भरला असेल, तर केस रावेरलाच चालते. 2015 च्या दुरुस्तीने हे स्पष्ट झालं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद.

वारस

सातबाऱ्यावर वारस लावायला कोर्ट लागत नाही. तलाठ्याकडे अर्ज करा. कोर्टाचा वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं ते बँक किंवा एखाद्या खात्याने लेखी मागितलं तर. त्यांचं पत्र आधी आणा.

वकिलाची फी परवडत नसेल

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेले यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला समिती आहे. फोन 15100. या कामाच्या अर्जाचे आम्ही टायपिंगचे पैसे घेत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, पण त्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी तडजोडीचा मजकूर कोणाकडून तरी वाचून घ्या.

आमच्याकडे येताना चालू महिन्याचा सातबारा, आधार आणि केस आधीच चालू असेल तर मागच्या तारखेचा कागद आणा. नोटीस आली असेल तर पाकिटासकट आणा. ती कधी मिळाली हे पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.