पॅनल तेच, भिंत वेगळी: रेनस्क्रीन आणि सीलबंद क्लॅडिंग

"साहेब, पॅनलच्या मधल्या गॅपमध्ये सिलिकॉन मारायचं राहिलंय." परांचीवर उभं राहून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच काढतो. राहिलेलं नाहीये. ही रेनस्क्रीनची भिंत आहे, तो गॅप मुद्दाम उघडा ठेवलाय. ड्रॉइंगवर १० मिमी उघडा सांधा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी ठेकेदार भरतो, क्लायंट भरा म्हणतो, आणि कधीकधी तर आर्किटेक्टच पावसाळा जवळ आला की घाबरून "भरून टाका" म्हणतो आणि तिथून पुढे ती भिंत ना धड इकडची राहते ना तिकडची.

क्लॅडिंग म्हणजे भिंतीवर बाहेरून चढवलेलं पॅनलचं आवरण. त्यातलं सीलबंद क्लॅडिंग सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एसीपीच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा भरलेल्या पॅनलच्या) दुकानपाट्यांपासून काचेच्या टॉवरपर्यंत आपण तेच बघत आलोय. बाहेरचा पृष्ठभाग हीच पाण्याची हद्द, सांध्यात बॅकर रॉड म्हणजे फोमची दोरी, वर सिलिकॉन, जोवर सिलिकॉन शाबूत तोवर भिंत कोरडी.

रेनस्क्रीनमध्ये तेच १३ मिमीचं फायबर काँक्रीटचं पॅनल, तसेच ब्रॅकेट, तशीच अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, रस्त्यावरून बघितलं तर फरक कळत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. कारण इथे पॅनल पाणी पूर्ण अडवायला लावलेलंच नसतं. ते पावसाचा मार झेलतं, उन्हापासून सावली देतं, बस. पाणी अडवणारी खरी भिंत मागे असते, मधे ४०-५० मिमीची मोकळी पोकळी असते, जे थोडं पाणी सांध्यातून आत येतं ते पॅनलच्या पाठीवरून खाली ओघळून जातं आणि उरलेला ओलावा वारा वाळवतो.

कोकणात ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना हे शिकवायला नको. मिरगाच्या आधी ओटीच्या पावसाळी अंगाला झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे ना, त्या झापाला शंभर भोकं असायची आणि ती बुजवायच्या फंदात कुणी पडायचं नाही. झडीचा मार भिंतीवर थेट बसू नये एवढंच त्याचं काम, मागच्या भिंतीला वारा लागत राहायचा.

आता मुख्य गोष्ट, उघडा सांधा बंद सांध्यापेक्षा कोरडा कसा राहतो. हे समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या जी. के. गार्डन यांनी १९६३ साली हे फार सोपं करून मांडलं: भिंतीतून पाणी आत जायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात, पाणी, भोक आणि पाण्याला आत ढकलणारा जोर. पाऊस आपण थांबवू शकत नाही. भोकं? ६० मीटर उंच भिंतीवर किलोमीटरभर सांधे असतात, हाताने भरलेल्या सिलिकॉनमध्ये कुठेतरी केसाएवढी फट राहणारच, आणि नाही राहिली तरी उन्हापावसात काही वर्षांनी ती पडणारच. मग उरतो तो जोर, आणि रेनस्क्रीन नेमकं त्याच्यावर काम करतं.

वाऱ्याचा जोर किती असतो ते बघा. ताशी १०८ किमीचा झोत, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, भिंतीवर साधारण ५४० पास्कल दाब टाकतो, जो पाण्याच्या साडेपाच सेंटिमीटर उंच थराच्या दाबाइतका आहे. मुंबईसाठी आपलं वाऱ्याचं कोड मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं, त्याचे अकराशे पास्कलच्या वर जातात. सीलबंद भिंतीत बाहेर हा दाब, आत खोलीचा दाब, आणि या दोन दाबांमधला सगळा फरक कुठे पडतो, तर ओल्या बाहेरच्या पृष्ठभागावर, नेमका त्या सिलिकॉनच्या फटीवर. पाणी तिथून गळत नाही, ते ढकललं जातं, अगदी वरच्या दिशेनेसुद्धा.

रेनस्क्रीनमध्ये सांधा उघडा असल्यामुळे वारा पोकळीत शिरतो, पोकळीतला दाब बाहेरच्या दाबाजवळ येतो, आणि पॅनलच्या पुढे आणि मागे जवळपास सारखाच दाब झाला की पाण्याला आत ढकलणारं काही उरत नाही. दाबातला फरक आता मागच्या भिंतीवर पडतो, पण ती जवळपास कोरडी असते. जिथे पाणी आहे तिथे जोर नाही, जिथे जोर आहे तिथे पाणी नाही. सांध्यात सिलिकॉन भरलं की तुम्ही हा बंदोबस्त स्वतःच मोडता, वर आत आलेलं पाणी बाहेर पडायची आणि वाळायची वाटही बंद करता. वाऱ्याचे झोत सेकंदासेकंदाला बदलतात त्यामुळे दाब पूर्ण सारखा कधीच होत नाही हे खरं, थोडं पाणी येतंच, म्हणून तर खाली निचऱ्याची आणि वर हवा जायची जागा ठेवायची.

पण यात एक अट आहे आणि सगळ्यात जास्त माती तिथेच खाल्ली जाते. मागची भिंत हवाबंद पाहिजे. ती गळकी असली तर पोकळीत शिरलेली हवा सरळ आत निघून जाते, दाब वाढतच नाही, आणि पाणी हवेसोबत आत येतं. मुंबईच्या पश्चिम उपनगरात समुद्राकडे तोंड असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या पावसाळ्यात खोल्यांमध्ये ओल आली, आम्ही पॅनल उतरवली तर मागे एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) भिंत उघडी, बाहेरून प्लास्टरच नाही! ब्लॉकच्या उभ्या सांध्यांत मसाला अर्धवट, पलीकडचा उजेड दिसत होता. "पॅनल येणारच आहे वर, दिसणार कोणाला" हे ठेकेदाराचं उत्तर. ते प्लास्टर दिसण्यासाठी नव्हतंच. ती त्या इमारतीची पावसाची भिंत होती आणि ती बांधलीच नव्हती, आणि गंमत म्हणून नाही तर मनापासून वाईट वाटून सांगतो, त्यावर उपाय म्हणून सगळे सांधे सिलिकॉनने भरून झाले होते.

तेव्हा मागे प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफ कोटिंग किंवा वाफ बाहेर सोडणारा मेम्ब्रेन, खिडकीच्या चौकटीभोवती नीट चिकटवलेली पट्टी. आणि इमारतीच्या कोपऱ्यात पोकळी उभी बंद करा, नाहीतर एका बाजूला वारा दाबतो, दुसऱ्या बाजूला खेचतो, आणि हवा पाणी घेऊन कोपऱ्याला वळसा घालून धावते. पाणी आत जायची बाकी कारणं किरकोळ आहेत: सांधा ८-१० मिमी ठेवला की पाणी त्यात थेंब धरून अडकत नाही, फ्लॅशिंगला, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला, बाहेर उतार दिला की काम झालं.

पॅनलबद्दल थोडक्यात. जीआरसी (काचतंतूंचं काँक्रीट) आणि फायबर सिमेंट बोर्ड या दोघांना "सिमेंट शीट" म्हणणं कृपया थांबवा. बोर्ड म्हणजे बहुतेक वेळा सेल्युलोजच्या तंतूंचा, हॅट्शेक नावाच्या मशीनवर पातळ थर चढवत केलेला सपाट तक्ता, त्याच्या कापलेल्या कडा सील कराव्या लागतात. जीआरसीत काचेचे तंतू असतात, साधी काच सिमेंटच्या अल्कलीत झिजते म्हणून झिर्कोनिया घातलेली खास काच लागते, ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये मजुमदार यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी केलेल्या कामातून ती आली. जोहान्सबर्गचं २०१० च्या वर्ल्ड कपचं सॉकर सिटी स्टेडियम अशाच काचतंतूंच्या काँक्रीट पॅनलने मढवलंय. मला स्वतःला अंगातच रंग असलेलं पॅनल आवडतं, रंग मारलेलं मी समुद्राजवळ सुचवत नाही.

आणखी एक, पॅनल जखडू नका. ३ मीटरचं पॅनल ४० अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, तेवढ्याच लांबीचं अ‍ॅल्युमिनियम जवळपास ३ मिलिमीटर. म्हणून एक बिंदू पक्का, बाकी सगळे सरकते.

आग हा वेगळा विषय आहे पण पोकळी म्हटलं की बोलावंच लागतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, तिथे आतून प्लॅस्टिकचा गाभा असलेली पॅनल होती, मागे जळणारं इन्सुलेशन आणि मधली पोकळी धुराड्यासारखी. काँक्रीटचं पॅनल जळत नाही, पण मागे फोम चिकटवलात तर तोच घोळ. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न जळणारी लोकरच घ्या आणि दर मजल्याला उष्णतेने फुगून पोकळी बंद करणारा अडसर लावा, पैसे वाचवायची ही जागा नाही.

आणि पॅनल चढवायच्या आधी, आधीच, उघड्या मागच्या भिंतीवर पाइपने पाणी मारून बघा, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करून हळूहळू वर जा, म्हणजे ओल दिसली तर ती नेमकी कुठल्या सांध्यातली ते कळेल. वरून मारलंत तर पाणी खाली ओघळून सगळंच ओलं करतं आणि काहीच कळत नाही.