‘आठवीपर्यंत परीक्षाच नसते, श्रेणी शिक्षक अंदाजाने देतात’ : एक खुलासा

पुण्यातील पालकांच्या गटांमध्ये दर सत्राच्या शेवटी हा मजकूर फिरतो आणि मुलांची काळजी असलेल्या पालकाला तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मूळ स्वरूपात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. परीक्षा किंवा मूल्यमापन मात्र कधीच बंद केले नव्हते. उलट, सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन करावे असे त्याच कायद्यात म्हटले आहे. पाचवी आणि आठवीसाठी तर पुढे वार्षिक परीक्षेचा नियमही आला.

राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांसाठी 2010 मध्ये ठरलेल्या पद्धतीत तिसरी-चौथीला 60 गुण आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या, आणि 40 गुण संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, मूल्यमापनाला आहेत. आकारिक भागात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने येतात, त्यामुळे वर्षभराच्या अभ्यासाच्या सवयींना येथे खरे वजन मिळते, आणि ते मिळायलाच हवे. चौथीतील एखाद्या मुलीला संकलितमध्ये 40 पैकी 22 आणि आकारिकमध्ये 60 पैकी 51 गुण असतील, तर एकूण 73 होऊन तिला ब-1 श्रेणी मिळते; केवळ पेपर पाहणाऱ्या पालकाला ती श्रेणी अंदाजाने दिल्यासारखी वाटू शकते.

पडताळणीसाठी पालकसभेत वर्गशिक्षकांकडे आकारिक नोंदी पाहायला मागाव्यात, साधननिहाय गुणांची बेरीज स्वतः करावी आणि प्रगतिपुस्तकातील ‘विशेष प्रगती’ व ‘सुधारणा आवश्यक’ या वर्णनात्मक नोंदी त्यांच्याशी जुळतात का ते पाहावे. नोंद मोघम असल्यास ती कोणत्या कामावरून केली, हे शिक्षकांना अवश्य विचारावे.