बेनेव्हेंतोच्या चेटकिणी, अक्रोडाचं झाड आणि बिशप बार्बातो

दक्षिण इटलीतलं बेनेव्हेंतो चेटकिणींसाठी फेमस आहे, 1860 पासून तिथे बनणाऱ्या पिवळ्या लिकरचं नाव पण स्त्रेगा म्हणजे चेटकीणच. या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर सापडतो सातव्या शतकातला एक बिशप, संत बार्बातो.

तेव्हा तिथे लोंबार्ड या जर्मानिक लोकांचं राज्य होतं. नावाला सगळे ख्रिश्चन, पण जुनं काही सुटलेलं नव्हतं. गावाबाहेरच्या एका झाडाला जनावराचं कातडं टांगायचं, घोडा दौडवत पाठीमागे भाले मारून ते फाडायचं आणि निघालेला तुकडा खायचा. शिवाय सोन्याच्या सापाची पूजा वेगळीच. बार्बातो तेव्हा साधा पाद्री, सांगून सांगून थकला पण कोणी ढुंकून बघेना.

मग 663 मध्ये बायझंटाईन सम्राट दुसरा कॉन्स्टन्स वेढा घालून बसला आणि सगळ्यांची तंतरली. बार्बातोच्या चरित्रात लिहिलंय की तो म्हणाला, हे प्रकार सोडा, शहर वाचेल. बेनेव्हेंतोचा लोंबार्ड ड्यूक रोमुआल्ड, त्याने शब्द दिला, वेढा उठला, बार्बातोने स्वतः कुऱ्हाड घेऊन झाड तोडलं आणि तो बिशप झाला. साप मात्र ड्यूकने लपवून ठेवला होता, तो त्याची बायको थिओडोराताने गुपचूप आणून दिला, बार्बातोने वितळवून त्याचा चर्चसाठी प्याला आणि तबक बनवलं.

पण हे चरित्र बरंच नंतरचं. आठव्या शतकातला इतिहासकार पॉल द डीकन या वेढ्यात बार्बातोचं नावही घेत नाही, त्याचा हिरो सेसुआल्ड. लोंबार्डांचा राजा ग्रिमोआल्ड, म्हणजे रोमुआल्डचा बाप, मदतीला येतोय हा निरोप घेऊन निघालेला हा माणूस वाटेत पकडला गेला, सम्राटाने त्याला तटासमोर उभं करून मदत येणार नाही असं सांगायला लावलं, तर हा ओरडला की राजा जवळ आलाय, माझ्या बायकापोरांना सांभाळा. त्याचं मुंडकं उडवून दगड फेकायच्या यंत्राने शहरात फेकलं. मला तरी हीच गोष्ट जास्त खरी वाटते.

बार्बातो 680 ला रोमच्या धर्मसभेला जाऊन आला, 682 मध्ये वारला. झाड अक्रोडाचं होतं हे चरित्रात नाहीच, ते लोकांनी मागाहून चिकटवलं. 1428 मध्ये तोडी गावात मात्तेउच्चा नावाच्या बाईवर चेटकीण म्हणून खटला चालला, अंगाला मलम लावून मंत्र म्हणत बेनेव्हेंतोच्या अक्रोडाकडे उडत जाते असा आरोप होता, आणि तिला जिवंत जाळलं.