बोटीवरचं कॉलेज आणि गंगेवरचं स्नान

माझी भाची अमेरिकेत शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला की मामा, मी पुढचं सेमिस्टर बोटीवर करणार आहे. आई शेजारी बसून मेथी निवडत होती आणि फोन स्पीकरवर होता. आईचा पहिला प्रश्न, "अगं पण बोट लागली तर?" आणि दुसरा, "विमानं बंद झालीत का तिकडे?" त्यानंतर घरात चार दिवस दुसरा विषय नाही. बोटीवर कुठे कॉलेज असतं का, हा एजंट लोकांचा नवा धंदा असणार, पैसे बुडणार वगैरे वगैरे. शेवटी ताई म्हणाली तू वाचत असतोस ना, मग शोध की. शोधलं, आणि सापडलं ते अपेक्षेपेक्षा बरंच जुनं निघालं आणि फिरून फिरून आपल्या नाशिकच्या, गोदावरीवरच्या रामकुंडाशी येऊन थांबलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी आत्ताचं सांगतो. या प्रकाराला सेमिस्टर ॲट सी म्हणतात. साधारण शंभर दिवसांची सफर, दहाएक देश, बोटीवर पाचसहाशे पोरं आणि त्यांचे प्रोफेसर. बोट समुद्रात असेल त्या दिवशी लेक्चर, मग तो रविवार का असेना, आणि बंदराला लागली की वर्ग बंद, उतरा आणि फिरा. मार्क आणि क्रेडिट २०१६ पासून कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटी देते. बोटीचं नाव वर्ल्ड ओडिसी, मूळची जर्मन, डॉइचलँड नावाची, आणि उन्हाळ्यात अजूनही त्या जुन्या नावानं टुरिस्ट फिरवते. खर्च विचारू नका, आपल्याकडे खाजगी कॉलेजात चार वर्षांचं इंजिनीअरिंग होऊन पैसे उरतील. भाचीला थोडी स्कॉलरशिप मिळाली, बाकीचं कर्ज. तिच्या स्वतःच्या कॉलेजच्या ऑफिसनं ही क्रेडिट धरायची की नाही यावर दीड महिना काढला तो वेगळाच, म्हणजे फायली सगळीकडे सारख्याच सरकतात.

आता नाशिकचं. आपल्याकडे शिकायला बोटीनं जाणं म्हणजे आधी पाप होतं, मग प्रतिष्ठा झाली आणि मग ते संपूनच गेलं. बौधायन धर्मसूत्रात माणूस पतित होतो अशा कर्मांची यादी आहे, तिच्यात पहिलंच नाव समुद्रप्रवासाचं. पुढे कलियुगात काय काय करायचं नाही त्या यादीतही ते जाऊन बसलं. कारण फार गूढ नव्हतं हो. बोटीवर कोणी शिजवलेलं खाणार, कुणाच्या हातचं पाणी पिणार, सोवळं कसं सांभाळणार, आणि महिनाभर तू काय केलंस हे बघायला जातीतलं कोणी सोबत नाही. मला तर वाटतं शेवटचंच खरं कारण. पाण्यापेक्षा भीती होती ती माणूस नजरेआड होण्याची.

१८८८ मध्ये गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा मुंबईतल्या त्यांच्या मोढ वाणी जातीनं सभा घेऊन त्यांना वाळीत टाकलं, आणि जो कोणी मदत करेल किंवा धक्क्यावर पोचवायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. ४ सप्टेंबरला क्लाइड नावाच्या बोटीनं ते गेलेच. वय १८, काटेचमचे धरता येत नाहीत, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायची लाज, म्हणून घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. तीन वर्षांनी, १८९१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, एडनपासून पुढे सगळी बोट आडवी झालेली अशा खवळलेल्या समुद्रातून परत आले. उतरल्यावर कळलं की आई गेलीये, भावानं मुद्दाम कळवलं नव्हतं. आणि मग मोठे भाऊ त्यांना घेऊन आले ते नाशिकला. का, तर जातीतल्या एका गटाची समजूत पटावी म्हणून गोदावरीत आंघोळ घालायला. त्यानंतर राजकोटला जातीचं जेवण. हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय, दोन ओळीत, जणू काही स्टेशनवर चहा प्यायलो अशा सुरात.

मला ती दोन ओळींची आंघोळ डोळ्यासमोरून जात नाही. लंडनमध्ये कायदा शिकून आलेला २१ वर्षांचा पोरगा, आई गेल्याचं नुकतंच कळलेलं, जुलैची गढूळ, भरून वाहणारी गंगा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आम्ही गंगेवर जातो, गोदावरीवर नाही), आणि भावाच्या समाधानासाठी मारलेली डुबकी. गंमत म्हणजे एवढं करून जातीचा दुसरा गट बधलाच नाही. सासरी नि बहिणीकडे पाणीसुद्धा चालेना. ते लोक चोरून द्यायला तयार होते, पण जे उघड करता येत नाही ते चोरून नको म्हणून यानंच घेतलं नाही.

अर्थात तेव्हा नाशिकला असं शुद्धीसाठी येणं जमत होतं ते रेल्वेमुळे. कसारा घाटातली लाइन १८६५ ला सुरू झाली आणि मुंबईच्या बंदरातून नाशिक रोड एका दिवसाच्या टप्प्यात आलं. तिकडे १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि विलायत तीन-चार आठवड्यांवर आली, आफ्रिकेला वळसा नको की इजिप्तमध्ये उतरून बोट बदलणं नको. म्हणजे पाप करायची सोय आणि ते धुवायची सोय, दोन्ही चार-पाच वर्षांच्या अंतरानं झाल्या असं आमचा एक मित्र म्हणतो. तो जरा जास्तच बोलतो पण इथे चुकीचं नाही बोलला.

बायकांचं तर विचारूच नका. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून निघाल्या, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, नवरा बरोबर नाही, आणि न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. जवळजवळ दोन महिने पाण्यावर. निघण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नाही, त्यांनी भाषण करून मी अमेरिकेला का जातेय ते लोकांना सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असा त्यांचा शब्द. १८८६ ला फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वय २१. त्यांचे यजमान गोपाळराव म्हणजे एक वेगळंच प्रकरण, पुढे पुण्यात मिशनच्या चहाला कोण कोण गेलं होतं त्याची नावं यांनीच छापून आणली, ज्यात टिळक-रानडे अडकले आणि टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बोट राहिली बाजूला, नुसत्या एक कप चहावर एवढं रामायण!

पण नाशिकची एक गोष्ट या सगळ्याच्या बरोबर उलटी आहे आणि ती आपल्यालाच माहीत नसते. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, तिथे सिग्नलला थांबून शिव्या घालतो, पण हे शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं पूर, हे कधी डोक्यात येत नाही. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात ही वसाहत वसवली आणि पुढे तिथे आफ्रिकन मुलांची शाळा चालायची. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी ही मुलं, इंग्रज आरमारानं समुद्रात सोडवून मुंबईला उतरवलेली. म्हणजे समुद्र ओलांडून शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी नाशकात होते, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं की यायचंय का. इथे अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम, आणि नाव 'नासिक बॉइज'. १८६६ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेला निघाला तेव्हा यातली नऊ मुलं बरोबर घेऊन गेला. नंतर १८७२ ला याच शाळेतला जेकब वेनराइट त्याच्याकडे पोचला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरलं, त्या वेळचे शोकविधी जेकबनं वाचले, झाडावर नाव कोरलं, आणि मग या लोकांनी ते वाळवलेलं प्रेत महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. तिथून बोटीनं इंग्लंडला जाताना सोबत जेकब होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटी वाहणाऱ्यांतही होता. नाशकात शिकलेला मुलगा! शरणपूर रोडला त्याच्या नावाचा साधा चौकही नाही. असो.

पुढे प्रायश्चित्ताचा जोर ओसरला आणि बोट हीच शाळा झाली. भगूरचे सावरकर ९ जून १९०६ ला मुंबईहून पर्शिया बोटीनं निघाले, श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती, लंडनला कायदा शिकायचा. बोटीवर घरच्या आठवणीनं परत फिरायला निघालेल्या एका पंजाबी मुलाला त्यांनी थांबवलं आणि डेकवरच अभिनव भारत या आपल्या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या शपथा सुरू केल्या. गांधी केबिनमधून बाहेर येईनात आणि हे डेक सोडेनात, स्वभाव कळतो माणसाचा. परतीची बोट मोरिया. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या गेल्या, त्याचे धागे धरून अटक, आणि ८ जुलै १९१० ला मार्सेल्सच्या बंदरात मारलेली उडी सगळ्यांना माहीत आहे.

आंबेडकर १९१३ ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, वय २२. चार वर्षांनी युद्धातून परत येताना त्यांचं सामान वेगळ्या बोटीवर होतं आणि ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. नुकसानभरपाईचे जे पैसे आले त्यातून बडोद्याला जायचा खर्च निघाला, असा तो काळ. विलायतेत शिकून आलेल्या या माणसाला आणि त्याच्या लोकांना १९३० मध्ये आपल्या काळाराम मंदिराच्या दारात अडवलं. एकाला समुद्र ओलांडल्याबद्दल गोदावरीत बुडवून शुद्ध करणारं गाव, आणि दुसऱ्याला कितीही समुद्र ओलांडले तरी आत न घेणारं तेच गाव, दोन जागांत अंतर पाच मिनिटांचं, चालत.

मग ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तरी साठच्या दशकापर्यंत विद्यार्थी बोटीनंच जायचे कारण स्वस्त पडायचं, इटालियन कंपनीच्या व्हिक्टोरिया, एशिया या बोटी, इटलीत उतरायचं आणि पुढे ट्रेन. १९६७ ला सुएझ बंद पडला तो १९७५ पर्यंत, आणि तोवर लोक बोट विसरले. त्याबरोबर तो मधला वेळ गेला. दोन-तीन आठवडे जेव्हा तुम्ही इकडचेही नसता नि तिकडचेही, घड्याळ रोज थोडं मागे, कपडे हळूहळू बदलतात, इंग्रजी तोंडात बसतं. आता रात्री विमानात बसलं की सकाळी थेट थंडीत, डोकं अजून नाशकातच. भाची पहिल्यांदा गेली तेव्हा महिनाभर रडत होती.

अमेरिकेत हा मधला वेळच कोर्स करून टाकायची कल्पना १९२६ ची. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्राचे प्रोफेसर जेम्स लॉ यांनी रिनडाम नावाची डच बोट घेतली आणि १८ सप्टेंबरला न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेनहून साधारण ५०० विद्यार्थी घेऊन जगप्रदक्षिणेला निघाले, साडेसात महिने. त्यांच्या युनिव्हर्सिटीनं आधी पाठिंबा दिला आणि मग अंग काढून घेतलं. पेपरवाल्यांना अभ्यासापेक्षा पोरांच्या दारूत जास्त रस होता. कल्पना तिथेच बसली. १९६३ ला पुन्हा सेव्हन सीज बोटीवरून सुरुवात झाली, १९६५ ला चॅपमन कॉलेजनं ते चालवायला घेतलं, आणि योगायोग बघा, पुढची बोटही रिनडामच, फक्त नवी. मग हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यात पडले. त्यांनी १९७० ला क्वीन एलिझाबेथ ही अवाढव्य बोट घेतली, तिचं तरंगतं विद्यापीठ करायचं म्हणून नावसुद्धा सीवाइज युनिव्हर्सिटी ठेवलं, आणि ९ जानेवारी १९७२ ला काम संपत आलेलं असताना हाँगकाँगच्या बंदरात ती आग लागून आडवी झाली. एक वर्गही भरला नाही. माणूस खचला असता, यांनी दुसरी लहान बोट दिली. तिथून सेमिस्टर ॲट सी हे नाव, आणि मग युनिव्हर्सिटी ऑफ कोलोराडो (आत्ताची कोलोराडो स्टेट वेगळी), पिट्सबर्ग, व्हर्जिनिया असं युनिव्हर्सिट्या बदलत आजपर्यंत. मध्ये जानेवारी २००५ ला उत्तर पॅसिफिकमध्ये एका लाटेनं बोट जिथून चालवतात त्या ब्रिजची काच फोडली, इंजिनं बंद पडली, बोट होनोलुलूला न्यावी लागली. हे आईला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पंचगव्य, क्षौर, स्नान, दक्षिणा, असा आपल्याकडच्या प्रायश्चित्ताचा क्रम. रामकुंडावर आजही न्हावी बसलेले असतात, सिंहस्थाच्या कामांत घाट उकरलेला असला तरी ते आपली जागा सोडत नाहीत. आणि परवा भाचीचा मेसेज आला की मामा, विषुववृत्त ओलांडतो त्या दिवशी बोटीवर नेपच्यून डे असतो, अंगावर घाण पाणी ओततात, माशाचा मुका घ्यायला लावतात आणि बरीच पोरंपोरी टक्कल करतात, मी करू का?

मी आईला वाचून दाखवलं. वाटलं आता ऐकावं लागणार. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "माझ्या आजेसासूचं केलं होतं, मी लग्न होऊन आले तेव्हा होत्या त्या, आलवणातल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हिला विचारतायत ना? मग तिचं ती बघेल."

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "आवळासुपारी पाठव तिला. बोट लागली तर."