ॲड्रेनॅलीन

अधिवृक्क ग्रंथींच्या मध्यकातून रक्तात मिसळणारे हॉर्मोन. याला एपिनेफ्रीन असेही म्हणतात. शुद्ध स्फटिकरूपात हाती आलेले हे पहिले हॉर्मोन. गंमत अशी, की ते हाती आले तेव्हा ‘हॉर्मोन’ हा शब्दच नव्हता. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ मध्ये रूढ केला.

अधिवृक्क ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. प्रौढ माणसात एकेकीचे वजन साधारण ४ ते ५ ग्रॅ. भरते. बाहेरचा पिवळसर थर म्हणजे बाह्यक आणि आतला तपकिरी गाभा म्हणजे मध्यक. गाभ्याचा वाटा जेमतेम एक-दशांश. मध्यक हे मुळात अनुकंपी तंत्रिका तंत्राचेच (संकटात शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या तंत्रिकांच्या जाळ्याचेच) एक रूपांतरित केंद्र आहे. त्यामुळे मेंदूकडून आलेला संदेश येथे थेट तंत्रिकेवाटे पोहोचतो आणि काही क्षणांत स्राव सुटतो. टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून डोपा, डोपामीन, नॉरॲड्रेनॅलीन आणि शेवटी ॲड्रेनॅलीन अशी ही घडण होते. शेवटच्या पायरीच्या एंझाइमाला कॉर्टिसॉल हे बाह्यकाचे हॉर्मोन भरपूर लागते. ते बाह्यकातून आत वाहणाऱ्या रक्तातून मिळते, म्हणजे दोन वेगळ्या कुळांच्या ऊती एका वेष्टनात नांदतात त्याचा हा उपयोग. माणसाच्या मध्यकातील साठ्यात सुमारे ८० टक्के ॲड्रेनॅलीन व उरलेले बहुतांशी नॉरॲड्रेनॅलीन असते.

शोधाचा इतिहास : याबाबत मतभेद आहेत. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथींच्या नाशामुळे होणाऱ्या रोगाचे वर्णन केले. पण तो रोग बाह्यकाचा, हे बऱ्याच काळाने उमगले. १८५६ मध्ये फ्रेंच वैद्य व्ह्यूलपियाँ यांना मध्यकाच्या रसात फेरिक क्लोराइड घातल्यावर हिरवा रंग दिसला आणि तोच पदार्थ ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या रक्तातही असल्याचे त्यांनी नोंदवले. ही नोंद जवळजवळ चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिली.

नंतरची हकिकत बहुतेक पुस्तकांत येते ती अशी : इंग्लंडमधील हॅरोगेटचे वैद्य जॉर्ज ऑलिव्हर यांनी आपल्या लहान मुलाला ग्रंथीचा अर्क दिला, त्याच्या मनगटाची रोहिणी अरुंद झाल्याचे स्वतः बनवलेल्या उपकरणाने टिपले आणि ते लंडनला एडवर्ड शेफर यांच्याकडे गेले. शेफर यांनी अविश्वासानेच तो अर्क बेशुद्ध केलेल्या प्राण्याच्या नीलेत सोडला आणि दाबमापकातील पारा भराभर वर चढला. ही हकिकत मुख्यतः इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक हेन्री डेल यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितलेली आहे. अर्क तोंडाने दिला की कातडीखाली टोचला, याबद्दल सांगणाऱ्यांचे एकमत नाही. तोंडाने दिला असल्यास गोष्ट टिकत नाही, कारण ॲड्रेनॅलीन आतड्यात व यकृतात निकामी होते. मुलाचा भाग बाजूला ठेवून १८९४–९५ मधील ऑलिव्हर व शेफर यांचे छापील प्रयोग तेवढे प्रमाण मानणे बरे. त्याच सुमारास पोलंडमधील क्राकूव्ह येथे त्सिबुल्स्की व शिमोनोविच यांनी ग्रंथीच्या नीलेतील रक्तातही रक्तदाब चढवण्याचा हा गुण असल्याचे दाखवले. ग्रंथी हा पदार्थ खरोखर रक्तात सोडते, याचा पुरावा म्हणून त्यांच्या कामाचे मोल अधिक. इंग्रजी ग्रंथांत मात्र त्याला एखादी ओळ मिळते.

शुद्ध पदार्थ वेगळा कोणी केला, हा वाद याहून मोठा. जॉन एबल यांनी बाल्टिमोर येथे १८९७ मध्ये जे मिळवले त्याला ‘एपिनेफ्रीन’ नाव दिले, पण त्याला बेंझॉइल गट हा परका अणुसमूह चिकटलेला होता, म्हणजे ते शुद्ध नव्हते. ओटो फोन फ्यूर्ट यांचे ‘सुप्रारेनीन’ही पुरते शुद्ध नव्हते. १९०० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील टाकामिने जोकिची यांच्या छोट्या प्रयोगशाळेत त्यांचे साहाय्यक उएनाका केइझो यांना बैलांच्या ग्रंथींच्या अर्कात अमोनिया घातल्यावर स्फटिक मिळाले. टाकामिने यांनी एबल यांची प्रयोगशाळा आधी पाहिली होती, त्यावरून उसनवारीचा आरोप झाला. उएनाका यांची प्रयोगवही उपलब्ध आहे आणि ती वाचल्यावर या आरोपात तथ्य उरत नाही. शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या टाकामिने यांचे. रेणूत ९ कार्बन, १३ हायड्रोजन, १ नायट्रोजन व ३ ऑक्सिजन अणू असल्याचे बरोबर सूत्र १९०१ मध्ये टॉमस ऑल्ड्रिच यांनी दिले. १९०४ मध्ये फ्रीड्रिख श्टोल्त्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले.

नावांची जोडी याच वादातून आली. टाकामिने यांनी दिलेले ‘ॲड्रेनॅलिन’ हे नाव अमेरिकेत पार्क-डेव्हिस या औषध कंपनीचा ट्रेडमार्क असल्याने तेथे एपिनेफ्रीन अधिकृत झाले. ब्रिटनमध्ये ॲड्रेनॅलीन राहिले, भारतातही तेच चालते. जपानच्या औषधकोशाने २००६ मध्ये एपिनेफ्रीन सोडून ॲड्रेनॅलीन स्वीकारले.

क्रिया : भीती, राग, रक्तस्राव, थंडी किंवा रक्तातील साखर उतरणे या प्रसंगी स्राव वाढतो. हृदयाचे ठोके जलद व जोरकस होतात, श्वासनलिका रुंदावतात, बाहुल्या विस्फारतात, यकृतातील ग्लायकोजेनापासून ग्लुकोज सुटते आणि कातडीचे रक्त स्नायूंकडे वळते. वॉल्टर कॅनन यांनी याला लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता मानले. एकच पदार्थ कुठे रक्तवाहिनी आवळतो आणि कुठे सैल करतो, हे कोडे रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये आल्फा व बीटा असे दोन प्रकारचे ग्राही (पेशींवरील संदेश टिपणारे रेणू) कल्पून सोडवले. रक्तातील ॲड्रेनॅलीन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येते.

उपयोग : तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारे पहिले औषध हेच. प्रौढाला १:१००० द्रावणाचे अर्धा मिलि. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचतात. दात काढताना भूल टिकावी व रक्त कमी यावे म्हणून लिग्नोकेन या भुलीच्या औषधात ८०,००० भागांस १ इतके ॲड्रेनॅलीन मिसळतात. सुई टोचल्यावर मिनिटभर छाती धडधडते, ती पुष्कळदा यामुळे. हवा व उजेड लागला की औषध बिघडते, म्हणून ॲम्पूल तपकिरी काचेचे असते. आतले पाणी गुलाबीसर दिसले तर ते टाकून द्यावे.

विंचूदंश : कोकणातील लाल विंचवाच्या विषामुळे तंत्रिकांच्या टोकांतून व मध्यकातून ॲड्रेनॅलीन आणि नॉरॲड्रेनॅलीन यांचा लोंढा सुटतो. रोगी घामाने निथळतो, ओकाऱ्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात; हृदय थकले की फुप्फुसांत पाणी भरून खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. महाड परिसरात असे रोगी तपासताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आल्फा ग्राही अडवणारे प्राझोसीन वापरून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. औषध गोळीच्या रूपात असल्याने ते खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. गार हातपाय पुन्हा कोमट लागू लागले, की गुण आल्याचे समजतात.